गाठ कशाची?

आपल्या बीड जिल्ह्यात गाठ हा शब्द फार वाईट झाला आहे. सोनोग्राफीच्या खोलीतून बाहेर येऊन कोणी म्हणाले की पोटात गाठ निघाली, की त्या घरात त्या रात्री चूल पेटत नाही. पुढचा शब्द कोणी तोंडातून काढत नाही, पण तो सगळ्यांच्या मनात असतो. कॅन्सर. आणि एकदा तो मनात शिरला की दवाखान्यात सांगतील तेव्हा, सांगतील ते, सांगतील तेवढ्या पैशात करून घ्यायला माणूस तयार होतो. कर्ज, व्याज, डोरले, उचल, काही म्हणजे काही बघत नाही.

ही भीती उगाच आलेली नाही. २०१९ साली आपला जिल्हा साऱ्या देशाच्या वर्तमानपत्रांत गेला तो याच भीतीपायी. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांच्या गर्भपिशव्या ऐन उमेदीच्या वयात काढल्या जात आहेत, हे उघडकीस आले. राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातील ८२ हजार ३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३ हजार ८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहा जणींत एक! कोणाच्या अंगावरून पांढरे जात होते, कोणाचे पोट दुखत होते, कोणाला कॅन्सर नसलेली साधी गाठ होती. कितीतरी जणींना सांगण्यात आले ते एकच, की आत्ता काढली नाही तर पुढे कॅन्सर होईल. या बोभाट्यानंतर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीवाचून खाजगी दवाखान्यांनी पिशवी काढू नये, असे बंधन जिल्ह्यात घालण्यात आले. पिशवीपुरते ते बरे झाले. पण पोटात पिशवी एकटीच नसते.

माझ्या थोरल्या बहिणीच्या यकृतात गाठ निघाली ती २०२३ च्या मे महिन्यात. आम्ही तिला अक्का म्हणतो. दाजी आणि ती मिळून एक कोयता. गेली वीस-बावीस वर्षे दिवाळीनंतर टोळीबरोबर कारखान्यावर जायचे, पट्टा पडला की परत यायचे. पहाटे थंडीत उठून दोघांनी मिळून दोन टनांच्या आसपास ऊस तोडायचा, मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायच्या. मी एस.टी.त कंडक्टर आहे, डॉक्टर नव्हे. पुढे लिहिले आहे ते अक्काबरोबर दवाखान्याच्या बाकड्यांवर बसून, डॉक्टरांना विचारून, आणि तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, जो मिलिंद विज्ञान महाविद्यालयात शिकतो, त्याच्याकडून इंग्रजी कागद मराठीत करून घेऊन समजलेले आहे.

त्या साली कारखान्यावरून आली तेव्हा अक्काच्या उजव्या बरगडीखाली दुखत होते. जेवण जात नव्हते. आमच्या चुलतीने वायगोळा म्हणून निदान केले आणि बिब्बा घालायला निघाली. अक्काच्या पोटावर लहानपणच्या बिब्ब्याचा काळा डाग अजून आहे, त्यामुळे ती स्वतःच नको म्हणाली. मग बीडला एका खाजगी दवाखान्यात सोनोग्राफी केली. कागदावर लिहून आले की यकृताच्या उजव्या भागात सहा सेंटिमीटरची गाठ. तिथल्या डॉक्टरांनी दाजींना आत बोलावले आणि सांगितले, गाठ मोठी आहे, दोन दिवसांत भरती करा, सुई टाकून तुकडा काढू, मग ऑपरेशन. अडीच लाखांची तयारी ठेवा. थांबलात तर कॅन्सर. दाजींनी बाहेर येऊन थेट मुकादमाला फोन लावला. मुकादमही काय, पुढच्या दोन पट्ट्यांची उचल आत्ताच द्यायला तयार! त्याला दोन वर्षांचा बांधलेला कोयता मिळत होता.

मी डेपोतून सुटून घरी पोहोचलो तेव्हा अक्का उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसली होती. मी विचारले, "अक्का, गाठ कशाची हाये म्हनले?"

"कशाची म्हंजी? गाठ म्हंजी गाठ. काळजात हाये म्हनले."

"पर कशाची?"

"पिशवी काढली तव्हा बी गाठच म्हनले व्हते. तव्हा कुनी इचारलं का कशाची? एकदा काढलंच की. आता हे बी काढा."

२००७ साली, सत्ताविसाव्या वर्षी, अक्काची पिशवी काढली होती. त्याचा कागद ट्रंकेत होता. भाच्याने तो काढून नीट वाचला. ऑपरेशन केल्याचे लिहिले होते, पैसे भरल्याची पावती होती, पण काढलेली पिशवी प्रयोगशाळेत तपासायला पाठवली आणि तिच्यात काय निघाले, याचा एकही कागद नव्हता. शरीरातला कोणताही भाग रोगाच्या संशयावरून काढला तर तो तपासायला पाठवायचा असतो आणि त्याचा अहवाल रुग्णाच्या हातात द्यायचा असतो. सोळा वर्षे अक्काची कंबर दुखते, हाडे दुखतात, अंगाला वाफा येतात, आणि तिच्या पिशवीत खरोखर काय होते हे आज जगात कोणालाही सांगता येणार नाही. म्हणून या खेपेला आम्ही घाईने भरती करायचे नाही असे ठरवले. दाजी माझ्यावर चिडले. "उद्या काही झालं तर तू भरून देशील का?" म्हणाले. त्यांचे चूक नव्हते. घरातला माणूस जाईल या भीतीपुढे अडीच लाख ही रक्कमच राहत नाही.

आता यकृत म्हणजे काय ते थोडे सांगतो, कारण आपल्या बोलीत त्याचा घोळ आहे. आपण काळीज म्हणतो ते मायेचे, हिमतीचे ठिकाण समजून छातीवर हात ठेवतो. पण मटणाच्या दुकानात काळीज मागतो तेव्हा दुकानदार देतो ते यकृत. माणसाचे यकृतही तसेच, तांबूस-काळसर, साधारण दीड किलोचे, उजव्या बरगड्यांच्या आड. खाल्लेल्या अन्नातून निघालेला सारा रस आधी तिथे जातो. रक्ताने भिजलेला स्पंजच म्हणा. दर मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त त्यातून वाहते. सुई टाकण्याची गोष्ट आली की हे दीड लिटर लक्षात ठेवावे.

बीडवरून सकाळची गाडी धरली. गेवराई, पाचोड, अडूळ आणि मग घाटी. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले तरी आपल्या लोकांच्या तोंडी दवाखान्याचे नाव घाटीच आहे. १९५६ पासून मराठवाड्याची गोरगरीब माणसे तिथे जातात. त्याच वर्षी मार्चपासून बायांना एस.टी.त अर्धे तिकीट झाले होते. अक्काने मला माझ्याच गाडीखात्याचे अर्धे तिकीट दाखवून म्हटले, "तुव्ह्या महामंडळानं आज माझ्यावर उपकार केले बघ." दहा-बारा दिवसांत ती प्रथमच हसली.

घाटीत गर्दी होती, केसपेपरला रांग होती, दोन दिवस मोडले. ते काही नवे नाही. पण तपासणाऱ्या तरुण मॅडमनी सोनोग्राफीचा कागद बाजूला ठेवला आणि आधी प्रश्न विचारले. कावीळ कधी झाली होती का? दारू? रक्त कधी चढवले? गर्भनिरोधक गोळ्या किती वर्षे घेतल्या? ताप येतो का? वजन उतरले का? घरात कोणाला कॅन्सर? शेळ्या-मेंढ्या, कुत्री आहेत का? अंगदुखीच्या गोळ्या किती खाता? या शेवटच्या प्रश्नावर अक्का म्हणाली, "रोज दोन. कधी तीन. उपाशीपोटीच घेते, त्याबिगर कोयता उचलत न्हाई." मॅडमनी ते लाल शाईने लिहिले.

सोनोग्राफी गाठ दाखवते, गाठीची जात नेहमी सांगत नाही. हे मला तिथे कळले. जात ओळखण्यासाठी तीन टप्प्यांचा सी.टी. स्कॅन किंवा एम.आर.आय. लागतो. आधी रक्त तपासून मूत्रपिंड ठीक आहे ना ते पाहतात, कारण शिरेतून औषध सोडायचे असते. दमा किंवा कसल्या औषधाची ॲलर्जी असेल तर ते आधीच सांगावे लागते. औषध सोडल्यावर अंगभर गरम वाफ फिरते. अक्का बाहेर आल्यावर माझ्या बायकोच्या कानात म्हणाली, की लुगड्यात लघवी झाल्यावानी वाटले. तसे सगळ्यांनाच वाटते, होत मात्र नाही. आयाबहिणींनी आधीच माहीत करून घ्यावे म्हणून लिहिले.

औषध रक्तातून यकृतात पोहोचते तेव्हा पहिला फोटो, थोड्या वेळाने दुसरा, काही मिनिटांनी तिसरा. गाठीत औषध कसे शिरते आणि कसे बाहेर पडते यावरून तिची जात कळते. मॅडमनी फिल्म उजेडावर धरून अक्कालाच दाखवली, आम्हाला नव्हे. पहिल्या फोटोत काळ्या गाठीच्या कडेकडेने पांढरे मणी दिसत होते. दुसऱ्यात ते मणी फुगून आत सरकले होते. तिसऱ्यात जवळजवळ सगळी गाठ पांढरी. अक्का बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "वाफ्याला कडंनं पानी दिल्यावानी." मॅडम म्हणाल्या, अगदी तसेच. यकृतातल्या कॅन्सरची गाठ बहुधा भराभर रंग घेते आणि भराभर सोडते. ही गाठ म्हणजे रक्तवाहिन्यांचा एक गुंता. तिला हिमॅन्जिओमा म्हणतात. तिचा कॅन्सर होत नाही.

रक्तातली हिपॅटायटिस बी आणि सी ची तपासणी ठीक आली, यकृताचे काम ठीक होते, अल्फा फीटोप्रोटीन नावाची तपासणीही ठीक होती. या शेवटच्या तपासणीवर एकटीवर विसंबायचे नसते. कॅन्सर असूनही ती कधी कधी ठीक येते. पण सगळे मिळून चित्र एकच होते.

ही गाठ दुर्मिळ म्हणावी तर ती तशी नाही. शंभर माणसांत तीन-चार जणांच्या यकृतात ती सापडते, काही पाहण्यांत त्याहूनही जास्त. बायांमध्ये अधिक. माझ्या भरलेल्या गाडीत दोघे-तिघे तरी ती घेऊन बसलेले असणार, आणि त्यांना त्याचा पत्ता नसतो. आपल्या आज्या-पणज्या ती पोटात घेऊनच जगल्या आणि दुसऱ्याच कशाने तरी गेल्या. सोनोग्राफीचे यंत्र गावोगाव आले म्हणून आता ती दिसते. या यंत्राने आपल्या जिल्ह्यात काय काय केले हे मी सांगायला नको. २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांखालील हजार मुलांमागे ८०७ मुली उरल्या होत्या, राज्यात सर्वांत कमी. तेच यंत्र जीवही वाचवते. असो.

मग अक्काच्या पोटात दुखत होते ते कशाने? उपाशीपोटी खाल्लेल्या गोळ्यांनी! जठराला सूज होती. अंगदुखीच्या गोळ्या बंद, पित्ताच्या गोळ्या सहा आठवडे, आणि दुखणे गेले. गाठ आहे तिथेच आहे. सुई टाकायची होती हे ऐकून मॅडम म्हणाल्या, बरे झाले टाकली नाही. रक्ताच्या गाठीला भोक पाडले तर रक्त वाहू शकते, आणि फोटोवरून जात कळत असेल तर तुकडा काढायची गरजच नसते. फार मोठी होऊन सतत दुखू लागली, पोटातल्या इतर भागांना दाबू लागली, किंवा क्वचित रक्त गोठण्याच्या क्रियेत बिघाड करू लागली, तरच ऑपरेशनचा विचार. अक्काची सहा सेंटिमीटरची म्हणून वर्षाने एकदा पाहू, म्हणाल्या. २०२४ च्या जूनमध्ये पाहिली. तेवढीच होती.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, म्हणजे यकृताची गाठ निघाली तर घरी बसावे. तसे मुळीच नाही, आणि ज्या गोष्टीमुळे मी लिहायला बसलो ती पुढेच आहे.

२०२४ च्या पावसाळ्यात आमच्या डेपोतल्या एका ड्रायव्हरची सून धुणे धुताना खाली पडली. वय सत्तावीस, दोन लेकरे. उजव्या बरगडीखाली एकदम कळ, कळ खांद्यात गेली, अंगाला दरदरून घाम, चेहरा पांढराफटक. घरच्यांनी वेळ न घालवता गाडी केली. तपासल्यावर कळले की यकृतात आठ सेंटिमीटरची गाठ आहे आणि ती आतल्या आत फुटून रक्त वाहते आहे. हिचे नाव वेगळे, हिपॅटिक ॲडेनोमा. हीसुद्धा कॅन्सर नव्हे. पण साधी म्हणून सोडून द्यावी अशीही नव्हे. एक, ती मोठी झाली की फुटते. दोन, तिच्यातल्या काही जातींचा पुढे खरोखर कॅन्सर होऊ शकतो.

ही मात्र दुर्मिळ. लाखात तीन-चार, तेही वर्षानुवर्षे गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायांत. १९७३ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी अशा सात बायांची हकीकत प्रसिद्ध केली आणि गोळ्यांचा या गाठीशी संबंध असावा असे प्रथम मांडले. त्या काळच्या गोळ्यांत संप्रेरकांचे प्रमाण जास्त असे. आता कमी असते. हे वाचून कोणी माला-डी, माला-एन फेकून देऊ नये. नको असलेल्या बाळंतपणाचा धोका या गाठीपेक्षा कितीतरी मोठा आहे. पण बरीच वर्षे गोळ्या चालू असतील आणि यकृतात गाठ निघाली, तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता आपणच सांगावे. सरकारी केंद्रात मिळणारी छाया ही गोळी या संप्रेरकांची नाही. ती चालेल का, तांबी चालेल का, हे नर्सताईंना विचारता येते.

त्या सुनेला आधी रक्त चढवले. मग मुंबईच्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात जांघेतल्या धमनीतून बारीक नळी यकृतापर्यंत नेऊन गाठीला रक्त पुरवणारी वाहिनी आतूनच बंद केली. पोट फाडावे लागले नाही. गोळ्या कायमच्या बंद. वाहिनी बंद केल्यावर गाठ सुकत, आकसत गेली, आणि काही महिन्यांनी, अंगात रक्त भरल्यावर, ती यकृताच्या थोड्या भागासकट काढली. यकृताची एक खासियत आहे. ते निरोगी असेल तर दोन-तृतीयांश काढले तरी उरलेले वाढून आठवड्या-महिन्यांत जवळपास पूर्ववत होते. काढलेली गाठ तपासायला गेली, आणि तिची जात कॅन्सरकडे झुकणारी नाही असा कागद हातात आला. ड्रायव्हरने तो कागद मला दाखवला तेव्हा मला अक्काच्या २००७ च्या पावत्या आठवल्या.

म्हणजे पाहा, अक्काची सहा सेंटिमीटरची, हात लावायचा नाही. हिची आठ सेंटिमीटरची, काढलीच पाहिजे. सोनोग्राफीच्या कागदावर दोन्हीकडे शब्द जवळपास तोच. ॲडेनोमा पाच सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर बाईला गोळ्या बंद करायला आणि वजन जास्त असेल तर कमी करायला सांगतात, सहा महिन्यांनी पुन्हा एम.आर.आय. करतात, कित्येकदा ती आपोआप लहान होते. मोठी असेल किंवा वाढत असेल तर काढतात. दिवस राहिले तर ती वाढू शकते, म्हणून तसे आधी सांगावे. पुरुषात मात्र ॲडेनोमा लहान असला तरी काढायचा सल्ला देतात, कारण पुरुषात कॅन्सरचा धोका जास्त. पोलीस भरतीची तयारी करणारी आपली पोरे व्यायामशाळेत कोणाच्या तरी सांगण्यावरून दंड फुगवण्याची इंजेक्शने घेतात. त्या संप्रेरकांनीही हीच गाठ होते. आईबापांनी दुधाचा हिशोब ठेवावा तसा याचाही ठेवावा.

तिसरी एक जात आहे, फोकल नोड्युलर हायपरप्लेशिया. नाव उच्चारतानाच दम लागतो, पण गाठ गरीब. औषध सोडले की एकदम सगळी उजळते आणि कित्येकदा मधोमध व्रणासारखी एक रेघ दिसते. हिला काही करावे लागत नाही. ती आणि ॲडेनोमा एकमेकींसारख्या दिसतात, म्हणून सी.टी. वर नक्की होत नसेल तर एम.आर.आय. सांगतात. तो डॉक्टरांचा धंदा नसतो, त्याला कारण असते. फोटोंनी उलगडा झालाच नाही तर शेवटी सुई टाकून तुकडा तपासतात. तेव्हा नको म्हणू नये.

मॅडमनी मेंढ्या-कुत्र्यांचे विचारले होते त्याचे कारण नंतर कळले. कुत्र्याच्या आतड्यातल्या एका लहान जंताची अंडी माणसाच्या पोटात गेली तर यकृतात पाण्याची पिशवी तयार होते, तिला हायडॅटिड म्हणतात. ती ट्यूमर नव्हे, पण चुलतीच्या भाषेत वायगोळाच. तीतही बेफिकिरीने सुई टाकली आणि पाणी पोटात सांडले तर जिवावर बेतते. आणि गाठीबरोबर ताप, थंडी असेल तर यकृतात पू झालेला असू शकतो. तिथे तर एक दिवसही थांबू नये.

हिपॅटायटिस बी किंवा सी झालेला असेल, दारूने यकृत कडक झालेले असेल, तर वर लिहिलेला सगळा दिलासा बाजूला ठेवा. निरोगी यकृतातली गाठ वेगळी आणि खराब यकृतातली वेगळी. तिथे निघालेली नवी गाठ कॅन्सर नाही असे ठरेपर्यंत संशयितच धरतात. अमिताभ बच्चन यांना १९८२ साली 'कुली'च्या चित्रीकरणातील अपघातानंतर पुष्कळ रक्त चढवावे लागले, त्यातून हिपॅटायटिस बी झाला आणि यकृताचा पाऊण भाग निकामी झाल्याचे कितीतरी वर्षांनी तपासणीत कळले, हे त्यांनी स्वतः अनेकदा जाहीरपणे सांगितले आहे. एवढ्या मोठ्या माणसाला जे कळले नाही ते आपल्याला कसे कळणार? रक्ताची तपासणी केल्यानेच. ती जिल्हा रुग्णालयात होते. बाळाला जन्मतःच देण्याची लसही सरकारी दवाखान्यात फुकट आहे.

आता पैशाचे. ड्रायव्हरच्या सुनेचे ऑपरेशन महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत झाले. आता या योजनेत वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचे उपचार धरले आहेत. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आधी त्याच्याकडे जावे आणि आपला आजार योजनेत बसतो का, हे भरती होण्याआधी विचारावे, नंतर नव्हे. आपल्या जिल्ह्यात अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय आहे. केज, परळी, धारूरकडच्या लोकांनी थेट संभाजीनगर गाठण्याआधी तिथे विचारायला हरकत नाही. आणि कुठेही गेलात तरी फिल्म, सी.डी., रक्ताचे कागद, सगळे एका पाकिटात. एक दवाखाना दुसरीकडे जाऊ नका म्हणत असेल, कागद देत नसेल, तर तिथे कशाला थांबायचे?

दाजींनी उचल घेतली नाही. मुकादम काही दिवस फुगून होता. अक्काने घाटीत विचारले होते की मोळी उचलू का. मॅडम थोड्या थांबल्या आणि म्हणाल्या, गाठीमुळे बंदी नाही, पण बरगडीवर मार बसू देऊ नका, आणि उपाशीपोटी गोळ्या पुन्हा खाल्ल्यात तर माझ्याकडे येऊ नका. अक्काचे म्हणणे, की पहिल्यांदाच कुणी डॉक्टर तिच्यावर रागावला तो तिच्या भल्यासाठी.

दिवाळीनंतर टोळी कर्नाटकाकडे गेली. फिल्मचे पाकीट पत्र्याच्या ट्रंकेत, लुगड्यांच्या वर. परवा अक्काचा फोन आला. टोळीतल्या एका पोरीला दुखते म्हणून तिकडच्या गावी सोनोग्राफी केली, तिचा कागद मोबाइलवर पाठवला आहे, पोराला वाचायला सांग. वय चोवीस, यकृताच्या डाव्या भागात दोन सेंटिमीटरची गाठ, पुढील तपासणी करावी, एवढेच त्यावर होते. भाच्याने पाच प्रश्न लिहून पाठवले. गोळ्या चालू आहेत का आणि किती वर्षे. दिवस गेले आहेत का. कावीळ झाली होती का. ताप आहे का. अंगदुखीच्या गोळ्या किती. तीन उत्तरे आली आहेत. पोरीचा नवरा फडात आहे, बाकीची संध्याकाळी सांगते म्हणाली.